सेफ्टी शूज: स्टील टो बहुतेकांत असतो, फरक सोलमध्ये पडतो

बुटाच्या टोकावर बोटाने टकटक करायची, आत लोखंड लागलं की किंमत विचारायची आणि आपल्या नंबरची जोडी पिशवीत टाकून निघायचं. सेफ्टी शूजची खरेदी बहुतेक वेळा एवढ्यावर उरकते. गंमत अशी की ज्या टो-कॅपवर टकटक केली, तोच या बुटातला सर्वांत कमी बिघडणारा भाग. वर्षभर वापरून टाकून दिलेल्या जोड्या उलटून पाहा. टो-कॅप शाबूत असतो आणि सोल गेलेला असतो: कुठे चवड्याच्या घडीवर आडवा फाटलेला, कुठे तेलात कडक होऊन गुळगुळीत झालेला, कुठे टाचेकडून चुरा होऊन गळणारा. ज्यांचा सोल धड आहे त्यांतल्या बऱ्याच जोड्या पायाला चावतात म्हणून लॉकरमध्ये पडलेल्या असतात आणि माणूस चपलेवर काम करत असतो.

त्यामुळे या परीक्षणात कंपन्यांची नावं मागे ठेवली आहेत. बाजारात सहज मिळणाऱ्या जोड्यांचे सोलनुसार तीन गट पडतात: पीव्हीसी सोल (साधारण ३५० ते ६०० रुपये), डबल डेन्सिटी पीयू, म्हणजे दोन घनतेच्या थरांचं पॉलियुरेथेन (७०० ते १,४०० रुपये), आणि पीयूवर नायट्राइल रबराचा थर असलेला सोल (१,६०० ते ३,००० रुपये). बाटा इंडस्ट्रियल्स, लिबर्टी वॉरियर, अॅलन कूपर, हिल्सन, करम, मॅलकॉमचा टायगर ही नावं दुकानात कायम ऐकू येतात. पण एकाच कंपनीची ६०० ची आणि २,००० ची जोडी हे दोन वेगळे बूट असतात, तेव्हा नुसतं नाव विचारून फार काही हाती लागत नाही.

शिक्का कसा वाचायचा

भारतात सेफ्टी शूजसाठी मुख्य मानक आहे आयएस १५२९८. त्याचे भाग वेगवेगळे आहेत आणि गफलत नेमकी तिथेच होते. भाग २ म्हणजे पूर्ण संरक्षणाचा बूट: टो-कॅपवर २०० ज्यूलचा आघात (२० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडावं इतका) आणि १५ किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे दीड टनाचा दाब. भाग ३ मध्ये हेच आकडे १०० ज्यूल आणि १० किलोन्यूटन आहेत. भाग ४ च्या बुटाला टो-कॅपची सक्तीच नाही. तिन्हींवर आयएसआयचा शिक्का असतो, तिन्ही खरे असतात आणि दुकानदार तिन्हींना ‘आयएसआयवाला सेफ्टी शूज’च म्हणतो. जिथे लोखंडी पार्ट, गॅस सिलिंडर, शटरिंगच्या प्लेटा किंवा पॅलेट हलवल्या जातात तिथे भाग २ शिवाय दुसरं काही घेऊ नये. पीव्हीसी सोलच्या काही जोड्यांवर आयएस १४५४४ आणि साच्यातच जोडलेल्या रबर सोलच्या जोड्यांवर आयएस ११२२६ दिसेल. तीही सेफ्टी शूजचीच मानकं आहेत.

२०० ज्यूलच्या चाचणीत टो-कॅप अजिबात दबू नये, अशी अपेक्षा नसते. तो दबतो. दबल्यानंतर आत बोटांसाठी किती जागा उरते ते मोजतात. ४२ नंबरच्या, म्हणजे आपल्याकडच्या ८ नंबरच्या बुटात ती किमान १४ मिलिमीटर लागते. हा आकडा लक्षात ठेवा, इनसोलच्या, म्हणजे बुटातल्या सुट्या गादीच्या वेळी परत लागेल.

शिक्क्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल अॅपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या मालासाठी आणि चालू आहे की नाही, हे दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. क्रमांकच छापलेला नसेल किंवा दुसऱ्याच मालाचा निघाला तर जोडी परत ठेवा. नुसतं ‘सीई’ (युरोपातलं चिन्ह) छापलेलं असणं आपल्याकडे पुरेसं नाही.

मग येतात अक्षरं. एस१ म्हणजे टाच बंद, टाचेखाली धक्का शोषणारा भाग आणि अँटिस्टॅटिक, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार जमिनीत जाऊ देणारा. एस१पी म्हणजे त्यात खिळा आत न शिरू देणारा थर. एस२ मध्ये अपर (सोलच्या वरचा चामड्याचा भाग) पाणी बराच वेळ अडवतं. एस३ म्हणजे एस२, अधिक खिळ्याचा थर, अधिक खोल दातांचा सोल. एस४ आणि एस५ हे पूर्ण रबराचे किंवा पॉलिमरचे, म्हणजे गमबूट. एचआरओ असेल तर सोल ३०० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर एक मिनिट तग धरतो. एसआरए म्हणजे साबणाच्या पाण्याने ओल्या सिरॅमिक फरशीवर घसरण्याची चाचणी, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर, आणि एसआरसी म्हणजे दोन्ही. आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ही घसरणीची तीन चिन्हं जाऊन एकच ‘एसआर’ आलं. त्यामुळे नव्या आयात जोडीवर एसआरसी दिसलं नाही म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाही.

जिभेच्या आतल्या लेबलवर आणखी एक गोष्ट शोधायची: तयार झाल्याचा महिना किंवा तिमाही आणि साल. पीयू सोलच्या बुटात ही तारीख किमतीइतकीच महत्त्वाची, कारण लगेच खाली आहे.

सोल

डबल डेन्सिटी पीयू हा सध्याचा सर्वांत खपाचा सोल, आणि तो खपावा असाच आहे. वरचा थर हलका आणि फेसाळ असतो, तो पावलाखाली दबतो. खालचा थर घट्ट असतो, तो झिजेला आणि तेलाला टिकतो. ८ नंबरची जोडी साधारण एक ते सव्वा किलोत बसते. आठ तास काँक्रीटच्या फरशीवर उभं राहायचं असेल तर या दोन थरांचा फरक संध्याकाळी टाचेला आणि कमरेला कळतो. त्याच कंपनीचा सिंगल डेन्सिटी पीयू शंभर-दीडशे रुपयांनी स्वस्त मिळतो. तो दिसायला सारखाच असतो, म्हणून सोलच्या कडेला दोन थरांची रेघ आहे का ते पाहावं. काही वेळा ती रेघ नुसती रंगाची असते. नखाने वरचा आणि खालचा भाग दाबून पाहा. वरचा जास्त दबला पाहिजे.

पीयूचा शत्रू आहे दमटपणा. बुटांसाठी वापरलं जाणारं पीयू बहुतेक करून पॉलिएस्टर जातीचं असतं, कारण ते तेलाला आणि घासण्याला चांगलं तोंड देतं. पण हवेतलं पाणी या पॉलिएस्टरच्या साखळ्या हळूहळू तोडतं. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते पुढची तूट आणखी वाढवतं. उष्णता आणि ओल एकत्र आली की वेग वाढतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर दोन्ही एकत्र असतात. परिणाम सगळ्यांनी पाहिलेला आहे: दोन-तीन वर्षं खोक्यात ठेवलेला कोराकरकरीत बूट पायात घालून दहा पावलं टाकावीत आणि सोलचे तुकडे मागे पडत जावेत. अशा वेळी कंपनीला शिव्या बसतात. पण तो बूट वापराने गेलेलाच नसतो, नुसत्या वयाने गेलेला असतो.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, पीयू सोलची जोडी घेताना तयार झाल्याची तारीख वर्षाच्या आतली हवी; सहा महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम. ऑनलाइन सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणाऱ्या जोडीची तारीख आल्याआल्या पाहा आणि जुनी निघाली तर परत पाठवा. दुसरी, ‘पुढे लागतील’ म्हणून पीयूच्या जोड्या साठवू नका. रत्नागिरी, महाड, तारापूरकडच्या कारखान्यांच्या स्टोअरमध्ये तर वर्षाचा माल एकदम भरण्यापेक्षा तिमाहीला भरणं केव्हाही शहाणपणाचं. तिसरी, जुन्या जोडीची परीक्षा: सोल चवड्यापाशी वाकवून घडीवर पाहायचं. केसासारख्या बारीक चिरा, चिकटपणा, किंवा नख दाबल्यावर वर न येणारा खड्डा, यांतलं काहीही दिसलं तर ती जोडी शिडीवर चढायच्या लायकीची राहिलेली नाही.

पॉलिइथर जातीचं पीयू पाण्याला बरंच जास्त टिकतं, मात्र तेलापुढे ते कमी पडतं. लेबलवर ही जात क्वचितच लिहितात. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘हायड्रोलिसिस रेझिस्टंट’ असा उल्लेख आहे का ते शोधायचं, एवढंच हातात आहे.

पीव्हीसी सोलला नावं ठेवायची पद्धत आहे. ती अर्धीच बरोबर. हा सोल जड असतो, धक्का शोषत नाही, उन्हाने तापलेल्या स्लॅबवर पायाला चटके पोचवतो. तेलात तर त्याचं फारच वाईट होतं: पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेला द्रव तेलात निघून जातो, सोल कडक होतो आणि कडक झाला की घसरतो. मशीन शॉपमध्ये पीव्हीसी सोल चार-पाच महिन्यांत धोकादायक होऊ शकतो. पण पाण्याने पीव्हीसीला काही होत नाही. तो दोन वर्षं स्टोअरमध्ये पडून राहिला तरी चुरा होत नाही. जिथे तेल नाही, उभं राहणं कमी आणि ओल जास्त, तिथे हा स्वस्त बूट आपलं काम नीट करतो. पंप हाऊस, पाण्याच्या टाक्यांचं काम, नर्सरी, गोदामाचं अंगण ही त्याची जागा.

टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) नावाचा आणखी एक सोल स्वस्त जोड्यांत दिसतो. तो मऊ आणि पकडीला छान वाटतो, पण तेल आणि डिझेलमध्ये फुगतो. गॅरेजसाठी घेऊ नये.

नायट्राइल रबर हा महागडा आणि जड पर्याय. जोडी दीड किलोच्या आसपास जाते. तेल, ग्रीस, उष्णता आणि कापलं जाणं, या चारही बाबतींत तो पीयूच्या पुढे आहे. पीयू ३०० अंशांच्या निम्म्याच्या आसपासच नरम पडायला लागतं, रबर तिथे तग धरतं. वर पीयूचा थर आणि खाली नायट्राइल, अशी रचना असेल तर टाचेलाही आराम मिळतो. मात्र मधला थर शेवटी पीयूचाच आहे, तेव्हा तारखेचा नियम इथेही लागू. रबर टिकलं आणि मधला थर विरला तर खालचा सोल जसाच्या तसा सुटून येतो.

दातांबद्दल एक गैरसमज पक्का आहे: जितके खोल दात तितकी पकड चांगली. चिखलात, मुरुमावर, खडीवर हे खरं. पण गुळगुळीत इपॉक्सी फरशीवर किंवा टाइल्सवर खोल आणि विरळ दातांचा सोल उलट घसरतो, कारण फरशीला टेकणारं क्षेत्रच कमी होतं. तिथे रुंद, सपाट ठोकळे आणि त्यांच्यात पाणी बाहेर काढणाऱ्या अरुंद खाचा असलेला सोल लागतो. बाजारातल्या बहुतेक जोड्यांचे दात दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतात, म्हणजे खऱ्या चिखलातही नाही आणि खऱ्या टाइल्सवरही नाही. आपली फरशी कुठली ते आधी ठरवा.

पायात बसणं

साध्या बुटाचं चामडं महिनाभरात पायाचा आकार घेतं. स्टील टो घेत नाही. दुकानात करंगळीला जिथे लागलं तिथे सहा महिन्यांनीही लागणार. ‘वापरून सैल होईल’ हे सेफ्टी शूजच्या पुढच्या भागाबाबत कधीच खरं ठरत नाही.

आणि इथे लोक जो उपाय करतात तो बहुधा चुकतो: एक नंबर मोठा घेतात. पाय बोटांच्या मुळाशी वाकतो, तर बूट टो-कॅप संपतो त्याच्या लगेच मागे वाकतो. नंबर बरोबर असेल तर दोन्ही घड्या जवळजवळ एकाच जागी येतात. मोठ्या नंबरात बुटाची घडी पुढे सरकते आणि प्रत्येक पावलाला टो-कॅपची मागची कड बोटांवर वरून रुतते. टाचही मागे उचलली जाऊन घासते ती वेगळीच. चवडा रुंद असेल तर लांबी तीच ठेवून रुंद फर्म्याचा (ज्या साच्यावर बूट बेततात तो फर्मा) बूट मागायचा. काही कंपन्या रुंदीचा आकडा किंवा ‘वाइड फिट’ असं लिहितात. आयुष्यभर चप्पल किंवा अनवाणी चाललेल्या पायाचा चवडा पसरट असतो, आणि साइटवर येणाऱ्या कामगारांत असे पाय कमी नाहीत. ठेकेदाराने ७, ८, ९ नंबरच्या सरसकट जोड्या आणल्या की त्यातल्या निम्म्या का घातल्या जात नाहीत, याचं उत्तर बऱ्याचदा रुंदीत असतं.

खरेदीला संध्याकाळी जावं, पाय दिवसभरात थोडे सुजलेले असतात. कामावर घालता तेच मोजे घालावेत. टो-कॅपवरून अंगठा दाबून जागा कळत नाही, म्हणून इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभं राहा. सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर रिकामे हवेत आणि पावलाच्या कडा इनसोलबाहेर सांडता कामा नयेत. इनसोल चिकटवलेला असेल तर नाडी सैल सोडून पाय पुढे सरकवा; टाचेमागे एक बोट जेमतेम जावं. दोन्ही पाय तपासायचे, आणि नंबर मोठ्या पायाचा.

मग उकिडवं बसा. मिनिटभर तसंच बसून राहा. फिटर, वायरमन, टाइल्सवाले, वेल्डर दिवसातला मोठा वेळ याच बैठकीत असतात आणि टो-कॅपची मागची कड चावायची असेल तर इथे लगेच चावते. शोरूमच्या गालिच्यावर चार पावलं चालून हे कधीच कळणार नाही.

आधार म्हणजे नेमकं काय, तेही हातानेच तपासता येतं. टाचेची मागची वाटी दोन बोटांनी दाबा. ती सहज चेपली तर आत पुठ्ठा आहे, महिन्याभरात बसकण मारेल. बूट दोन टोकांना धरून पिळा. तो थोडा वळावा, पण पिळला जाऊ नये. वाकवून पाहा, पुढच्या एक तृतीयांशातच वाकला पाहिजे. मधल्या कमानीत वाकत असेल तर आत शँक, म्हणजे कमानीखालची पोलादी किंवा फायबरची पट्टी, नाही किंवा कमकुवत आहे. शिडीच्या आणि परांची-बांबूच्या पायऱ्यांवर सगळं वजन नेमकं त्या कमानीवर येतं. खांबावर चढणाऱ्यांनी आणि मचाणावर काम करणाऱ्यांनी हा एक निकष इतर सगळ्यांच्या वर ठेवावा.

घोट्यापर्यंतचा की खालचा? खडी, मुरूम, राडारोडा, मचाण असेल तर घोट्यापर्यंतचा, आणि तोही कॉलरला गादी असलेला. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांना आणि असेंब्ली लाइनवाल्यांना खालचा बरा. तो कमी तापतो.

स्त्रियांसाठी मोठी अडचण आहे. चाकण-रांजणगावच्या लाइनवर मुलींची संख्या मोठी, पण स्टोअरमध्ये पुरुषांच्या फर्म्यावरचे ४ आणि ५ नंबर दिले जातात. त्यात चवडा बसतो आणि टाच सैल राहते. दोन मोजे घालून ती भरत नाही. स्त्रियांच्या वेगळ्या फर्म्यावरच्या जोड्या काही कंपन्या बनवतात, मागणी नोंदवताना तसं स्पष्ट लिहावं लागतं.

इनसोल हा या बुटांतला सर्वांत कंजूष भाग. हजार रुपयांच्या जोडीतही पातळ फोमवर कापड चिकटवलेलं असतं. ते तीन-चार महिन्यांत चपटं होतं. चांगला पीयू फोमचा किंवा कमानीला आधार देणारा इनसोल ३०० ते ५०० रुपयांत मिळतो आणि टाचदुखीवर सोलइतकाच फरक पाडतो. मात्र दोन अटी. जुना काढून मगच नवा घाला. दोन्ही एकावर एक घातले तर वर सांगितलेल्या त्या १४ मिलिमीटरांतले चार-पाच तिथेच संपतात. आणि अँटिस्टॅटिक बूट लागणाऱ्या जागी (रंगकाम, सॉल्व्हेंट, इलेक्ट्रॉनिक्स) बाहेरचा इनसोल घालू नका, कारण बुटाची चाचणी त्याच्या मूळ इनसोलसह झालेली असते आणि दुसऱ्याने विद्युतरोध बदलू शकतो.

कोणत्या कामाला काय

स्लॅब आणि सेंटरिंगला स्टील मिडसोलचा (सोलच्या आत खिळा अडवणाऱ्या पोलादी थराचा) एस१पी किंवा एस३ बूट लागतो. फळीतून उलटा वर आलेला अडीच-तीन इंची खिळा ही तिथली रोजची गोष्ट आहे. विणलेल्या कापडी थराचा मिडसोल हलका असतो, वाकतो आणि पावलाची कडही झाकतो, पण बारीक टोकाचा खिळा त्याच्या धाग्यांतून वाट काढू शकतो. जुनी चाचणी ४.५ मिलिमीटर जाडीच्या खिळ्याने होते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत ३ मिलिमीटरच्या खिळ्याची वेगळी चाचणी आली ती याचसाठी. सेंटरिंगला पोलादच बरं. प्रत्यक्ष काँक्रीट ओतताना मात्र चामड्याचा बूट काढून ठेवा. ओलं सिमेंट अतिशय क्षारीय असतं. त्याने चामडं लाकडासारखं होतं, आणि बुटात शिरलेला लगदा कातडी भाजतो. तिथे स्टील टो असलेला एस५ गमबूट घ्यायचा, पँट बुटाच्या बाहेर.

सीएनसी (संगणकाने चालणारी यंत्रं) आणि मशीन शॉपला डबल डेन्सिटी पीयू पुरतो. कूलंट, तेल आणि धातूचा बर (कापताना उडणारा बारीक कीस) हे तिथलं त्रिकूट. बर मऊ सोलमध्ये रुतून बसतो, दातांमधली जागा भरते आणि बूट पोलादावर पोलाद घासल्यासारखा सरकतो. आठवड्यातून एकदा जुन्या स्क्रूड्रायव्हरने दात मोकळे करणं हा यावरचा पूर्ण उपाय आहे, आणि तो जवळजवळ कोणी करत नाही.

फाउंड्रीला नायट्राइल, एचआरओ, याला पर्याय नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या ओतकामाच्या शेडमध्ये पीयू सोल गरम वाळूवर आणि कास्टिंगवर वितळून चपटा होतो. पण फाउंड्रीत सोलइतकीच वरची बाजू महत्त्वाची. नाडीच्या गाठीत आणि जिभेच्या फटीत वितळलेल्या धातूचा थेंब अडकला तर बूट काढायला लागणाऱ्या चार सेकंदांत पाय जातो. म्हणून भट्टीजवळ नाडीशिवायचा, चटकन ओढून काढता येणारा बूट किंवा नाडीवर चामड्याची झडप असलेला बूट, आणि पँट कायम बुटावर. शिवण नायलॉनच्या दोऱ्याची असेल तर ठिणग्यांनी ती आधी जाते. वेल्डरलाही हेच लागू आहे.

वायरमनसाठी एकच, पण ठळक सूचना. अँटिस्टॅटिक म्हणजे शॉकप्रूफ नव्हे. अँटिस्टॅटिक बूट अंगावरचा स्थिर भार जमिनीत जाऊ देण्यासाठी मुद्दाम थोडा वाहक ठेवलेला असतो (१०० किलोओम ते १,००० मेगाओम). चालू लाइनवर काम करायचं असेल तर विद्युतरोधक म्हणून वेगळी चाचणी झालेला, व्होल्टेज छापलेला बूट लागतो, आणि तोही ओला झाला किंवा सोलला खिळा लागला की भरवशाचा राहत नाही.

स्पोर्ट्स शूजसारखे दिसणारे, जाळीदार अपरचे, ‘केव्हलर’ मिडसोलचे सेफ्टी स्नीकर्स ऑनलाइन हजाराच्या आत मिळतात. त्यातल्या बऱ्याच जोड्यांवर आयएस क्रमांकच नसतो. मानकाचा असेल तर कोरड्या गोदामात, कुरिअर हबमध्ये छान. ठिणगी, तेल, पाणी असेल तिथे जाळी कामाची नाही.

टो-कॅप पोलादी की कंपोझिट (धातू नसलेला, फायबर-प्लॅस्टिकचा), यावर फार वाद होतात. दोन्ही २०० ज्यूल पेलत असतील तर संरक्षण सारखंच. कंपोझिटने एका बुटामागे साधारण ४० ते ५० ग्रॅम वाचतात आणि मेटल डिटेक्टर वाजत नाही, पण त्याची भिंत जाड असल्याने बुटाचं टोक फुगीर होतं. ज्याला दिवसातून सहा वेळा सिक्युरिटी गेटमधून जायचंय त्याने घ्यावा. बाकीच्यांनी ते पैसे सोलवर घालावेत.

चामडं आणि पावसाळा

अपरवर दाणेदार ठसा असतो. तो म्हशीच्या जाड चामड्यावरही असतो आणि स्प्लिटवर (चामड्याच्या खालच्या, कमकुवत थरावर) पीयूचा रंग चढवलेल्या हलक्या मालावरही. फरक कडेला दिसतो: जिभेपाशी किंवा कॉलरला कापलेली कड पाहा, वर प्लॅस्टिकसारखा वेगळा पापुद्रा असेल तर ते लेपाचं स्प्लिट आहे. बोटाने घट्ट दुमडल्यावर घडीवर पांढरट रेघ राहते. ते वाईट असतंच असं नाही, पण पहिल्या पावसाळ्यानंतर घडीवर सोलपटतं. १.८ ते २ मिलिमीटर जाडीचं ग्रेन (वरच्या थराचं) चामडं वर्षभर सहज निघतं. जीभ दोन्ही बाजूंनी अपरला शिवलेली हवी. सुटी असेल तर पाणी, माती आणि बर थेट आत.

सोल अपरला साच्यातच ओतून जोडलेला असेल तर गोंदाची रेघ नसते आणि तो सहसा उसवत नाही. नुसता चिकटवलेला सोल पावसात तोंड उघडतो. मोचीकडे टाके घालून घेताना सुई मिडसोलमधून जाऊन पाण्याला नवी भोकं पडतात, तेव्हा दुरुस्तीनंतर तो बूट कोरड्या जागेसाठीच ठेवा.

पावसाळ्यात एकच जोडी रोज घालणं हा बुटाचा आणि पायाचा दोघांचाही नाश आहे. घामाने आणि पाण्याने भिजलेला बूट रात्रभरात सुकत नाही. त्याला पूर्ण दिवस लागतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात त्या याच ओलीने. दोन जोड्या आलटून-पालटून वापरल्या तर त्या एकामागून एक वापरलेल्या दोन जोड्यांपेक्षा जास्त चालतात, त्यामुळे खर्च दुप्पट होत नाही. इनसोल बाहेर काढायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, दोन तासांनी बदलायचे, बूट पंख्याखाली ठेवायचा. भट्टीशेजारी, सायलेन्सरवर किंवा कडक उन्हात ठेवला तर चामडं तडकतं आणि पीयूचं आयुष्य घटतं. मेणाचं पॉलिश पंधरवड्याला एकदा पुरे. खोबरेल तेल किंवा एरंडेल चोळायची जी सवय आहे तिने चामडं मऊ होतं खरं, पण ते ढिलंही पडतं आणि धूळ धरतं.

रोजची एक पाळी धरली तर पीव्हीसीची जोडी चार ते सहा महिने, डबल डेन्सिटी पीयू आठ ते बारा आणि नायट्राइल बारा ते अठरा महिने निघावी. महिन्याच्या खर्चात पीव्हीसी आणि पीयूत फारसा फरक राहत नाही आणि नायट्राइल साधारण दीडपट पडतो, हे कागदावर मांडून पाहिलं की कळतं. दात १.५ मिलिमीटरच्या खाली झिजले, टाच एका बाजूने तिरकी झाली, चामडं फाटून टो-कॅप उघडा पडला किंवा मिडसोलची प्लेट करकरायला लागली, की जोडी बदलायची. टो-कॅपवर एकदा खरोखर जड वस्तू पडली असेल तर वरून काही दिसत नसलं तरी बदलायची. पोलाद आत वाकलेलं असतं आणि कंपोझिटला दिसणार नाही अशी चीर गेलेली असते. दोन्ही बूट टाका आणि टाकण्याआधी सोल ब्लेडने कापा, नाहीतर तीच जोडी आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी पायात साइटवर परत येते.